हेलनबाई काय म्हणाल्या

बोर्डी,
१४ डिसेंबर २०२५

चि. विनितास,
आईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कोल्हापुरात थंडी पडली, कॉलेजच्या लायब्ररीत तुला खिडकीजवळचं टेबल मिळालं आणि तुझा खोकला गेला, हे वाचून बरं वाटलं. खोकला गेला असं तू दर पत्रात लिहितेस, त्यामुळे मी निम्मंच धरते. इकडे चिकूचा हंगाम जोरात आहे. तुझे बाबा सकाळी वाडीत जातात ते जेवायलाच उगवतात. बोटीवरच्या नोकरीत होते तेव्हा वर्षातले बरेच महिने समुद्रावर असायचे, आता घरी असून घरात नसतात.

ज्यासाठी लिहायला बसले ते आता सांगते. तुझा मामा आला आहे, आणि राहायला आला आहे. दारात पिशवी ठेवून म्हणाला, काही दिवस राहीन म्हणतो. मी विचारलं, सुट्टी आहे का, तर हो म्हणाला. डिसेंबरात वसतिगृहाला कसली सुट्टी? दुसऱ्या दिवशी कुसुमबाईंचा फोन आला तेव्हा कळलं. तलासरीच्या त्या मुलींच्या वसतिगृहात कुसुमबाई गृहमाता आहेत, मुलींजवळ त्याच राहतात. दादा दिवसभराची व्यवस्था बघतो आणि संध्याकाळी गणित शिकवतो, हे तुला माहीतच आहे.

झालं असं की वसतिगृहाच्या स्नेहसंमेलनाला हेलनबाई नावाच्या इंग्रज डॉक्टर पाहुण्या म्हणून आल्या होत्या. वय ऐंशीच्या घरातलं. मुलींच्या नव्या न्हाणीघरांसाठी त्यांच्या मित्रमंडळाने मदत केली, म्हणून बोलावलं होतं. दोन दिवस त्या तिथेच राहिल्या, मुलींबरोबर जेवल्या. शेवटी भाषण इंग्रजीत केलं आणि झाईचा जतीन एकेक वाक्य मराठीत करून सांगत होता. हा मुलगा तलासरीकडच्या एका शाळेत इंग्रजी शिकवतो. माइक सारखा खरखरत होता. बाईंनी दादाकडे हात करून काहीतरी म्हटलं आणि जतीन थांबला. त्याने दादाकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि ते वाक्य गाळून पुढचं सांगायला लागला. सगळ्या मांडवाने ते पाहिलं.

कार्यक्रम झाल्यावर समितीचे अध्यक्ष नविनशेठ यांनी त्याला बाजूला घेऊन विचारलं. आधी सांगेना. मग म्हणाला की बाई दादाबद्दल म्हणाल्या, सावेसर व्हल्गर आहेत. विनू, या शब्दाचा अर्थ मलासुद्धा कळतो. असभ्य, अश्लील. आणि तो मुलींच्या वसतिगृहात काम करणाऱ्या माणसाबद्दल, एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंनी माइकवरून म्हटलेला. बाई दुसऱ्या दिवशी पहाटे कच्छकडे फिरायला निघून गेल्या.

नविनशेठ वाईट माणूस नाही. जीवनभाई, जानेवारीच्या सभेपर्यंत तुम्ही घरी थांबा, यात तुमचीच अब्रू राहील, असं म्हणाले. पण पालकांच्या ग्रुपवर बातमी गेलीच. काहींनी मुली घरी नेल्या. दादाने फोन बंद करून माझ्या कपाटात साड्यांखाली ठेवला आहे. दिवसभर ओटीवर बसतो. जेवतो नीट, हे तर जास्तच वाईट, कारण मला काळजी वाटू नये म्हणून जेवतो.

हे तुला फोनवर सांगता येत नव्हतं. त्याला ऐकू कमी येतं, पण ओठ बरोबर वाचतो, आणि बसलेला असतो समोरच. तू त्याला लिही. तुम्हा दोघांना पत्रांची सवय आहे. मी कळवलं असं मात्र लिहू नकोस.

बाबांचे आशीर्वाद. खोकल्याचं खरं काय ते लिही.

तुझी,
आई


कोल्हापूर,
१८ डिसेंबर २०२५

ती. जीवनमामास,
विनिताचा वाकून नमस्कार. वि. वि.

आईने मला काही कळवलं नाही असं मी लिहावं, अशी तिची इच्छा आहे. तेव्हा तिने मला काहीही कळवलेलं नाही.

मामा, मला हे खरं वाटत नाही, असं मी लिहिणार नाही. तसं लिहिणं म्हणजे त्यावर क्षणभर विचार केला असं होईल. बाबा बोटीवर असायचे तेव्हा पहिलीपासून दहावीपर्यंत माझ्या शाळेत पालक म्हणून तूच येत होतास. शाळेतल्या बाईंनी तुला एकदा विचारलं होतं की तुम्ही वडील का, आणि तू म्हणालास की नाही, पण सही चालेल. तुझ्याबद्दल मला कुणी काही सांगायची गरज नाही.

पण माझ्या खात्रीला समिती विचारणार नाही, म्हणून मी जरा डोकं चालवलं. दोन दिवस पाहुणचार घेतलेली बाई, भरल्या मांडवात, यजमानाकडे हात करून त्याला असभ्य म्हणेल का? तिला खरंच काही दिसलं असतं तर तिने नविनशेठना किंवा कुसुमबाईंना एकीकडे बोलावून सांगितलं असतं. आणि तसं म्हणून ती गप्प बसली नाही, पुढे बोलत राहिली. पुढे काय बोलली?

मला ते पूर्ण वाक्य हवं आहे. त्याच्या आधीचं आणि नंतरचंसुद्धा. जतीनला जसं आठवतं तसं, अगदी इंग्रजीतच. तू कुणाला पाठवू नकोस, स्वतः जाऊन विचार. अवघड आहे हे मला कळतं. झाईची बस घराजवळूनच जाते, एवढीच सोय.

तोवर काही ठरवू नकोस. तू ओटीवर गप्प बसलास की काहीतरी ठरवत असतोस, हे मला माहीत आहे.

तुझी,
विनू


बोर्डी,
२२ डिसेंबर २०२५

चि. विनूस,
मामाचे मनापासून आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या आईने तुला काही कळवलं नाही हे वाचून समाधान वाटलं. ते वाक्य मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं. ती चहा टाकायला आत गेली.

तू विचारलंस म्हणून त्या दिवसाचं लिहितो, नाहीतर कुणाशी बोललेलो नाही. मी पहिल्या रांगेत होतो. हेलनबाईंचे ओठ वाचायचा प्रयत्न केला, पण मला जमतं ते मराठी ओठांचं. इंग्रजीला ओठ वेगळेच हलतात. त्यांनी माझ्याकडे हात केला तेव्हा त्या हसत होत्या, एवढं मी पाहिलं. म्हणून मीही हसलो आणि हात जोडले. मला टाळ्या नीट ऐकू येत नाहीत, पण वाजवणारे हात दिसतात. तेव्हा एकही हात हलत नव्हता. मी तसाच नमस्कार करून उभा.

तेव्हापासून मी स्वतःची झडती घेतो आहे. ताप आलेल्या मुलीच्या कपाळाला हात लावला होता. परीक्षेला निघालेल्या मुलींच्या पाठीवर थोपटलं होतं. तुझ्या मामीच्या माघारी मी तिथेच आवारातल्या खोलीत राहतो, हेसुद्धा कुणाला खटकलं असेल का? ज्याचा आयुष्यात कधी विचार केला नाही, ते एकेक उचलून उलटसुलट करून बघतो. काही सापडत नाही. मग वाटतं, मला दिसत नसेल, परक्या बाईला दिसलं असेल.

नविनशेठनी हेलनबाईंना विचारायला हवं होतं. ते म्हणतात, मदत करणाऱ्या बाईंना असा जाब कसा विचारायचा, आणि त्यांनी खरंच काही कारण सांगितलं तर? ते कारण ऐकायची कुणाची तयारी नाही. माझीही नाही, हे तुझ्यापासून लपवत नाही.

माझं काय, साठी उलटून गेली. पण मुलींचं वाईट वाटतं. काळ्याने त्याच्या मुलीला, कविताला, घरी नेलं. हुशार मुलगी, यंदा दहावीला आहे, जानेवारीत पूर्वपरीक्षा. तो आता कुटुंब घेऊन वसईकडे वीटभट्टीवर जायचं म्हणतो. एकदा मुलगी भट्टीवर गेली की बोर्डाच्या परीक्षेला ती परत येईल असं मला वाटत नाही. त्याच पाड्यावरच्या शुक्रीने मात्र तिच्या निलमला नेलं नाही. कुसुमबाईंनी तुझ्या आईला फोनवर सांगितलं, बाकीच्या आयांनी तिला घेरून विचारलं, तर म्हणाली, मला इंग्रजी नाय येत. पोरगी सुट्टीला घरी आली का दोन दिवसांत परत जायची घाई करते, तेवढं मला कळतं.

काल झाईला गेलो. जतीन घरीच होता. मला बघून उभा राहिला तो बसेचना. त्याच्या आईने पाणी दिलं, ते त्यानेच पिऊन टाकलं. मी म्हटलं, मला भांडायचं नाही, वाक्य सांग. त्याला ते पाठ होतं, बिचाऱ्याला रोज आठवत असणार. बाई म्हणाल्या, मिस्टर सावे हॅज बीन ॲन, मग जरा अडखळल्या, माइक खरखरला, मग म्हणाल्या, अ व्हल्गर प्रेझेन्स इन धिस हाउस. आणि पुढे म्हणाल्या की द गर्ल्स आर लकी. हे पुढचं त्याला टोमणा वाटलं. मुलगा खोटं बोलत नाही. जे कानावर पडलं ते सांगतो. त्याच्यावर रागावताही येत नाही, ही आणखी एक पंचाईत.

काही ठरवू नकोस म्हणतेस. पण सभेत लोकांनी माझ्याकडे पाठ फिरवण्याआधी मीच राजीनामा दिला तर मुली तरी परत येतील, असं मनात येतं. तुला काय वाटतं ते लिही.

तुझा,
जीवनमामा


कोल्हापूर,
२७ डिसेंबर २०२५

ती. जीवनमामास,
विनिताचा नमस्कार, यावेळी जरा घाईतला. वि. वि.

राजीनामा लिहिला असशील तर फाडून टाक. नंतर पुढचं वाच.

हेलनबाई अडखळल्या नाहीत. सहावीत तूच मला घोकून घेतलं होतंस की पुढचा शब्द स्वराने सुरू झाला तरच ॲन, नाहीतर नुसतं अ. ॲन एग, ॲन अंब्रेला, पण अ बुक. व्हल्गरच्या आधी ॲन येऊच शकत नाही, आणि जन्मभर इंग्रजी बोललेली बाई ती चूक करणार नाही. जतीनने ॲन ऐकलं, ते बरोबरच ऐकलं. म्हणजे पुढचा शब्द स्वरापासून सुरू होतो, जतीनला सुटा वाटलेला तो अ याच शब्दातला, त्यात पुढे व्ह येतो आणि शेवटी र. मधला भाग माइकने खाल्ला.

मी आमच्याकडचा सगळ्यात जाडा शब्दकोश काढला आणि अशा सुरुवातीच्या शब्दांची पानं बोट फिरवत वाचत गेले. फार वेळ लागला नाही. शब्द आहे अव्हंक्युलर. मी तो पुटपुटत होते, तर शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी विचारलं, कुणाला व्हल्गर म्हणतेस. तेव्हा माझी खात्रीच पटली, मामा. मी खुर्चीवर बसले आणि जरा रडले. डोळ्यांतलं पाणी पुस्तकावर पडू दिलं नाही.

अव्हंक्युलर म्हणजे मामासारखा.

मी गंमत करत नाही. हा शब्द रोजच्या बोलण्यातला नाही, पुस्तकी आहे, साधं इंग्रजी शिकलेल्या माणसाच्या कानावरून जात नाही. म्हणून जतीनलाही दोष देता येत नाही. तो लॅटिनमधून आला आहे. लॅटिनमध्ये आवुस म्हणजे आजोबा. त्याचं लाडकं, लहान रूप म्हणजे आवुंकुलुस, म्हणजे छोटे आजोबा. आणि हे नाव फक्त आईच्या भावाला. वडिलांच्या भावाला त्यांच्याकडे वेगळाच शब्द होता, पात्रुउस, आणि तो काका म्हणजे कडक, सारखा रागावणारा, असं त्या लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. लाड करणारा तो मामा. आपल्यासारखंच की. पुढे आवुंकुलुस फ्रेंचांकडे जाऊन झिजला आणि इंग्रजीत अंकल होऊन आला. तिथे मामा, काका, मावशीचा नवरा, आत्याचा नवरा, सगळे एकाच अंकलमध्ये कोंबले गेले. मग कुणीतरी जुन्या लॅटिनवरून हा लांबलचक शब्द तयार केला. हल्ली त्याचा अर्थ असा की वयाने मोठा, मायाळू, धाक न दाखवता लहानांवर लक्ष ठेवणारा माणूस.

आता ते वाक्य पुन्हा वाच. या घरात सावेसरांचं असणं मामासारखं आहे, आणि मुली नशीबवान आहेत. पुढचं वाक्य टोमणा नाही, सरळ बसतं.

एक गोष्ट तूच शोधून काढशील आणि मला चिडवशील, म्हणून आधीच सांगते. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये गहाण ठेवून घेणाऱ्या सावकाराला थट्टेने अंकल म्हणत, आणि हा शब्दही कधीमधी त्या अर्थाने वापरत. हेलनबाईंच्या मनात तो अर्थ असेल असं वाटत नाही. तुझ्याकडे गहाण ठेवण्यासारखं कुणी काही आणत नाही.

एवढं सगळं असलं तरी हा अजून माझा अंदाज आहे. म्हणून कुसुमबाईंकडून पत्ता घेऊन मी हेलनबाईंना ईमेल केला आहे. जाब विचारलेला नाही. एवढंच लिहिलं, माइक खराब असल्यामुळे तुम्ही माझ्या मामांबद्दल काय म्हणालात ते आम्हाला नीट ऐकू आलं नाही, तो शब्द कोणता होता, कृपा करून कळवाल का.

उत्तर येईपर्यंत थांब. आईच्या हातचं जेव, पण तिला बरं वाटावं म्हणून नाही, भूक लागली म्हणून जेव.

तुझी,
विनू


बोर्डी,
३१ डिसेंबर २०२५

चि. विनूस,
मामाचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी ओटीवर वाचलं, मग वाडीत जाऊन वाचलं, मग तुझ्या आईला दिलं. ती ते घेऊन देवघरात गेली. डोळे पुसत बाहेर आली आणि लगेच म्हणाली की एवढा चांगला शब्द होता तर बाईंनी सोपा का नाही वापरला.

मामासारखा म्हटलं तर मला बरं वाटावं की नाही, याचा मी विचार करतो आहे. रस्त्यावरच्या पोलिसालाही आपण मामा म्हणतो, आणि कुणी फसवलं गेलं तर त्याचा मामा झाला असंही म्हणतो. गेले काही दिवस माझी गणती या दुसऱ्या प्रकारात होते. तरी धाकले आजोबा हे मला आवडलं. तुझे आजोबा माझ्यासारखेच बसायचे, एक पाय खाली सोडून.

तुझी गोष्ट मला पटली आहे. ॲनचा मुद्दा तर मला सुचायला हवा होता, पण त्या दिवसांत माझी अक्कल चालत नव्हती. तरी हे घेऊन मी समितीपुढे जाणार नाही. भाचीने शब्दकोशात बघून मामाला निर्दोष ठरवलं, असं लोक म्हणतील, आणि त्यात चूक काय? बाईंचं उत्तर यायला हवं. त्यांनी वेगळंच काही लिहिलं तर तेही मला जसंच्या तसं कळव. गाळू नकोस. एक वाक्य गाळल्यामुळेच एवढं झालं.

आधी मला नुसतं वाईट वाटत होतं, त्याची सवय झाली होती. आता आशा लागली आहे, ती काही बसू देत नाही. आज दोनदा पोस्टाकडे चक्कर मारून आलो. बाईंचं उत्तर तुला ईमेलने येणार आणि आम्हाला फोनवर कळणार, हे माहीत असून.

शुक्री काळ्याकडे गेली होती म्हणे. भट्टीवर जाणं सभेपर्यंत थांबव, असं त्याला सांगून आली. तो हो म्हणाला नाही, पण अजून निघालेलाही नाही.

नव्या वर्षाचे आशीर्वाद.

तुझा,
जीवनमामा


कोल्हापूर,
६ जानेवारी २०२६

ती. जीवनमामास आणि ती. आईस,
दोघांनाही नमस्कार. वि. वि.

काल फोनवर आईला सांगितलं ते तिने तुला ओरडून सांगितलंच असेल. तिचा आवाज झाईपर्यंत गेला असणार. तरी जसंच्या तसं कळव म्हणाला होतास, म्हणून लिहिते.

हेलनबाई प्रवासात होत्या, घरी पोचल्यावर त्यांनी ईमेल पाहिला आणि लगेच उत्तर दिलं. शब्द अव्हंक्युलरच होता. त्यांनी तो मला अक्षर सुटं सुटं करून लिहून पाठवला आहे.

त्या लहान असताना त्यांचे वडील गेले आणि आईच्या भावाने त्यांना वाढवलं. तो रेल्वेत सिग्नलवर काम करायचा, कमी बोलायचा. वसतिगृहात दोन दिवस राहताना त्यांना त्याची आठवण झाली, असं त्या लिहितात. त्यांनी पाहिलं की एखादी मुलगी काही सांगायला आली की सावेसर हातातलं काम ठेवतात, खाली बसतात आणि ती बोलून संपेपर्यंत तिच्या तोंडावरून नजर हलवत नाहीत. मुलांचं इतकं मन लावून ऐकणारा माणूस आपण फार कमी पाहिला, म्हणून भाषणात तसं म्हटलं.

मग मी त्यांना सगळी हकीकत कळवली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्यावरचं उत्तर वाचताना मलाच त्यांची काळजी वाटली. त्या फार हळहळल्या. परक्या भाषेच्या लोकांसमोर आपण असा अवघड शब्द मिरवायला नको होता, साधं अंकल म्हटलं असतं तर हे झालं नसतं, असं त्यांनी लिहिलं आहे. सभेच्या दिवशी व्हिडिओ कॉलवर येऊन सगळ्यांसमोर बोलेन, असं त्यांनी स्वतःहून कळवलं. मी नविनशेठना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, बेन, तुम्ही मोठं ओझं उतरवलंत.

मामा, आता तरी फोन साड्यांखालून बाहेर काढ.

तुमची दोघांची,
विनू


तलासरी,
१९ जानेवारी २०२६

चि. विनूस,
मामाचे आशीर्वाद, पुन्हा माझ्या खोलीतून. वि. वि.

सभा झाली. त्याच दिवशी मी माझी पिशवी घेऊन इथे आलो. तुझी आई बरोबर आली होती. पहिल्या रांगेत बसली आणि माझ्याऐवजी तिनेच सगळ्यांकडे बघून घेतलं.

नविनशेठनी पालकांनाही बोलावलं होतं. सभागृह भरलं. काळ्या दाराशी उभा होता, शुक्री त्याच्या मागे, म्हणजे त्याला निघून जाता येऊ नये अशी. पडद्यावर हेलनबाई आल्या, अंगावर जाड शाल. जतीनला कुणी बोलावलं नव्हतं, तरी तो आला होता. भाषांतर करायला दुसऱ्या बाई ठरल्या होत्या. जतीन नविनशेठजवळ गेला आणि म्हणाला की मला करू द्या. कुजबुज झाली, पण नविनशेठनी माइक त्याच्या हातात दिला.

आधी तो स्वतःचं बोलला. म्हणाला की मी शब्द चुकीचा ऐकला, मला कळला नाही, आणि कळला नाही हे सांगायची लाज वाटली म्हणून मला माहीत असलेला शब्द मी तिथे बसवला. त्याने सरांचं नाव खराब झालं. मग त्याने हेलनबाईंची वाक्यं एकेक करून सांगितली, एकही न गाळता. बाई म्हणाल्या त्यातलं जे त्याला समजलं नाही ते त्याने तिथेच थांबवून पुन्हा विचारलं. तसं तीनदा झालं, आणि बाईंनी तीनही वेळा न कंटाळता सांगितलं.

अव्हंक्युलर म्हणजे आईच्या भावासारखा, हे त्याने सांगितलं. तुझ्या आईने मला नंतर सांगितलं, मागून एक म्हातारी म्हणाली, म्हणजे मामा का? जतीन हो म्हणाला. मग हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं, लोक एकमेकांकडे बघून हसायला लागले. नविनशेठ उठले, माझे दोन्ही हात धरून म्हणाले की जीवनभाई, आम्ही तुम्हाला विचारलं नाही, बाईंनाही विचारलं नाही, चूक आमची. मी हेलनबाईंना नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं, आणि जतीनने ते मराठीत केलं, की मी तुमची अपराधी आहे. मी जतीनला सांगायला लावलं, तुम्ही म्हणता ते मन लावून ऐकणं वगैरे काही नाही, मी कानाने अधू आहे, ओठ वाचतो. त्यावर त्या इतक्या हसल्या की शाल खाली पडली. मग म्हणाल्या, माझा मामाही थोडा बहिराच होता.

काळ्या सभा संपल्यावर माझ्याजवळ आला. मी त्याला काही विचारलं नाही. तो म्हणाला, सर, पोरीची वह्या-पुस्तकं मी नीट ठेवलीत, भिजू दिली नाय. दुसऱ्या दिवशी सकाळी कविताला घेऊन आला. पूर्वपरीक्षेचे पहिले दोन पेपर तिचे बुडाले होते. तिच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना मी आणि शुक्री जाऊन भेटलो, ते पेपर वेगळे घेऊ म्हणाले. भट्टीवर काळ्या आणि त्याची बायको गेली, मुलगी इथे राहिली. इतरही मुली एकेक करून येत आहेत. दोन अजून आल्या नाहीत. त्यांच्या घरी मी परवा कुसुमबाईंना घेऊन जाईन.

सभेनंतर मी परत झाईला गेलो. जतीनने शाळेत रजा टाकली होती आणि घरात बसून होता. लोक त्याला चिडवतात, व्हल्गरसर म्हणतात. मी जसा तुझ्या आईच्या ओटीवर बसायचो तसाच बसला होता. या बाबतीत मी अनुभवी, म्हणून मी त्याला समजावलं नाही. म्हटलं, माझं इंग्रजी जुनं झालं, दहावीच्या मुलींना आठवड्यातून दोन संध्याकाळी इंग्रजी शिकवायला ये. तो म्हणाला की मी? मी म्हटलं, हो, तूच. त्याच्या आईने मला बोंबलाची आमटी वाढली. फार दिवसांनी मला भूक लागली होती.

काल त्याचा पहिला तास झाला. मी मागे बसलो होतो. धडा सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि कविताने हात वर करून एका शब्दाचा अर्थ विचारला. जतीनने पुस्तकात बघितलं, जरा थांबला. मग तो म्हणाला की हा शब्द मला माहीत नाही, घरी बघून गुरुवारी सांगतो. कविताने मान डोलावली आणि शब्दाखाली रेघ मारली. मग निलमने एक शब्द विचारला, तो त्याला येत होता. मग तिच्या मागच्या मुलीने विचारला. एरवी इंग्रजीच्या तासाला खाली बघून बसणाऱ्या मुली, पण त्यांचं विचारणं थांबेना. शेवटी कुसुमबाईंना दारात येऊन सांगावं लागलं की भाकऱ्या गार होताहेत, उरलेली इंग्रजी गुरुवारी शिका.

तुझ्या बाबांना चिकू पाठवायला सांगितलं आहे, तुझ्या शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनाही दे. असंच लिहीत राहा आणि या म्हाताऱ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
जीवनमामा